पितळेचे तीन खिळे

वीज येईपर्यंत सांगतो. कंदील जरा इकडे सरकवा. गोष्ट मात्र भर दुपारची आहे.

सांतियागोच्या डोंगरात आमचं गाव वर आणि दवाखाना खाली, मधे नुसता उतार. माझ्या सायकलला डासांचं औषध फवारायच्या पंपाचं इंजिन बसवलंय, टाकीच्या जागी सरबताची बाटली. अशा सायकलीला आम्ही रिकिंबिली म्हणतो. ती पळवणं सोपं, थांबवणं अवघड. त्यात मायेलीनताईला सातवा महिना. दर बुधवारी तिला मागे बसवून खाली न्यायचं. ब्रेक निसटला तर दोन जीव माझ्या हातून जातील, या विचारानं मंगळवारपासून घास उतरत नसे.

नवे ब्रेक आमच्यासारख्यांना कुठले? अंडी देणारी कोंबडी देऊन ट्रकच्या टायरचा तुकडा मिळवला आणि ओस्निएलकडे नेला. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. गावातल्या निम्म्या सायकली त्याच्याच हातच्या.

"यातून असे ब्रेकचे रबर कापतो लेका, की माजलेला बैलसुद्धा जागच्या जागी थांबेल," तो म्हणाला. "कोंबडीच्या आत्म्याला शांती मिळेल!"

रबर त्यानंच बसवले. मी तपासलेही नाहीत. ओस्निएलचं काम काय तपासायचं?

तीन बुधवार छान गेले. चौथ्या बुधवारी गुलमोहराच्या वळणावर ब्रेक आपोआप आवळले. माझी बोटं ब्रेकच्या दांडीवर नव्हतीच. इंजिन बंद पडलं. पांढरं ऊन, एक पान हलत नव्हतं. तेवढ्यात ओळखीचा वास आला... चामडं आणि चिकटवायचं सोल्युशन.

एवेलिओकाकांच्या दुकानात असा वास यायचा. ते जोडे शिवायचे. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा त्यांनीच मला शेजारी बसवून घेतलं. फेब्रुवारीत याच झाडाखाली, जाणाऱ्या गाडीला हात दाखवायला उभे असताना ते कोसळले. सापडले तेव्हा अंगावर सगळं होतं, फक्त पायात बूट नव्हते.

सायकलचं मागचं चाक दबलं. कोणी बसावं तसं.

"एली," ताई पुटपुटली, "कोणाला बसवलंस?"

"कोणालाच नाही..."

"मग मागून माझ्या पावलांना कोणाची पावलं लागतायत? गार आहेत रे... अनवाणी."

मी तिला उतरवलं. ती पुढे चालली, मी सायकल ढकलत निघालो. सायकल रिकामी होती आणि उतार असूनही मला जोर लावावा लागत होता.

दवाखान्याच्या भिंतीशी चाक काढलं. रबर झिजून त्यातून पितळेची तीन टोकं वर आली होती, त्रिकोणात. काका आपल्या हातच्या प्रत्येक जोड्याच्या टाचेत असेच तीन खिळे ठोकत.

संध्याकाळी ओस्निएलच्या अंगणात गेलो. त्याची स्वतःची सायकल उलटी उभी होती. तिच्या ब्रेकला ट्रकच्या टायरचं जाड, नवं रबर होतं. माझं.

"मेलेल्या माणसाला बूट काय करायचेत, गड्या?" मान वर न करता तो म्हणाला.

काकांना खांदा देताना हा माझ्या शेजारी होता. रडतही होता.

"मेले होते ना... तू काढलेस तेव्हा?"

त्याच्या हातातला पाना थांबला.

"ओस्निएल... मेले होते ना?"

"बोलत होते थोडंसं," तो म्हणाला. "पण मला नव्हते बोलावत. तुझंच नाव घेत होते."

मला भांडता येत नाही. मी घरी आलो.

ते रबर मी काकांच्या कबरीत पुरले. आता सायकलला ब्रेक नाहीत. एकटा असलो की उतारावर पाय घासत थांबतो, त्यानं जोड्यांच्या टाचा पार संपल्या होत्या. उद्या बुधवार. ताईला कसं न्यावं या विवंचनेत मघाशी जोडा उलटा करून पाहिला.

टाच नवी आहे. तिच्यात पितळेचे तीन खिळे आहेत.

काकांच्या दुकानाला फेब्रुवारीपासून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. हा बघा जोडा. कडेला बोट लावा, भिऊ नका... सोल्युशन अजून ओलं आहे.