ढिगाऱ्यावरची धूळ

"माझ्या इमारतीवर हल्ला झालाय!"

दारात उभ्या असलेल्या बाईंना धाप लागली होती. भावजी ताडकन उठले. "कुणी दगावलं का?"

"कसलं दगावतंय! इमारत आधीच बॉम्बने पडलेली आहे!"

भावजी पुन्हा खाली बसले. वहिनी खासगी तपास करत, आणि भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. आपल्यावाचून वहिनींचं पान हलत नाही, अशी भावजींची पक्की समजूत होती. वहिनींनी ती कधी मोडली नव्हती.

वहिनींनी बाईंना पाणी दिलं, तसा खुलासा झाला. बाईंचं चष्म्याचं दुकान होतं. फावल्या वेळात त्या युद्धाचे छोटे देखावे बनवत. यंदाचा देखावा म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची तीन मजली पडकी इमारत, लोंबकळता जिना, जीपगाडी आणि पाणी भरणारे दोन इंची सैनिक. सकाळी दहाला तो प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ठेवून, वर पारदर्शक झाकण घालून त्या दुकानात गेल्या. एकला परतल्या तर झाकण आतून पांढुरकं झालेलं आणि जीपची काच आंधळी! पाच वाजता परीक्षक येणार होते.

"कुणीतरी काहीतरी फवारलंय. कुणी ते मला ठाऊक आहे. दातांचे डॉक्टर! गेल्या वर्षी माझ्यामागे दुसरे आले तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखतंय. मी चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलले. आमच्या देखाव्यांच्या मंडळातून काढून टाका म्हणून पत्रही दिलंय." एवढं बोलून बाई एकदम रडायलाच लागल्या. "वीस वर्षांची मैत्री हो आमची! आता त्यांनी केलं असलं तरी वाईट, नसलं तर त्याहून वाईट."

"चला," वहिनींनी चपला शोधल्या.

हॉलमध्ये वहिनींनी झाकण उचललं आणि नाक देखाव्याजवळ नेलं.

"मागचा ढिगारा राखाडी आणि पुढचा लालभडक, असं का?"

बाई वाकल्या आणि किंचाळल्याच. "अगं बाई! माझी धूळ कुठे गेली! चार महिने थरावर थर दिलेत मी. बॉम्ब पडल्यावर सगळ्यावर धूळ नको का? फवाऱ्याच्या नादात हे पाहिलंच नाही मी!"

"सकाळचा फोटो आहे?"

बाईंनी मोबाइल दिला. फोटोत दुसऱ्या मजल्यावरची खिडकीची झडप एका बिजागरीवर तिरकी लोंबत होती. आता ती दिमाखात सरळ बसली होती. वहिनींनी नुसतं "हं" केलं.

रखवालदार एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय पसरून होता. "बारा ते एक मी जेवायला जातो. दार लोटून घेतलं होतं. मी कशाला हात लावू?"

वहिनींनी शेजारच्या रिकाम्या टेबलावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "रोज पुसता का हो?"

"रोज!" त्याने डोळ्याची पापणीही हलवली नाही.

"हाच," भावजी कुजबुजले. "धडधडीत खोटं बोलतोय."

डॉक्टर कोपऱ्यात पाठ फिरवून उभे होते. त्यांच्या पडक्या रेल्वे स्टेशनाचं झाकण दोन काड्यांवर उचलून ठेवलं होतं.

"हे असं का?" वहिनींनी विचारलं.

"छप्पर निखळलं होतं. झटपट गोंदाने चिकटवलंय. वाफ बाहेर जायला नको? मी साडेबाराला इथेच होतो, एकटा. लिहून घ्या हवं तर. आणि बाईंना सांगा, मी त्यांच्याशी बोलणार नाहीये."

"हाच," भावजी म्हणाले. "किती राग आहे बघा."

बाहेरच्या बाकावर बाईंचे यजमान बसले होते. ग्रंथालयातून निवृत्त झालेले, अगदी गरीब माणूस. "ही चष्मा घरी विसरली, तो घेऊन बाराला आलो. ही नव्हती, म्हणून इथेच थांबलो." बोलता बोलता त्यांनी भिंतीवरची तिरकी झालेली सूचनेची पाटी डाव्या हाताने सरळ केली. उजव्या हाताच्या चिमटीत चष्म्याची पिशवी होती.

"ठेवा की ती खाली," वहिनी म्हणाल्या.

"नको नको, असू दे."

"बिचारे," भावजी हळहळले.

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना देखाव्याभोवती बोलावलं.

"फवारा कुणी मारलाच नाही. झटपट गोंद लावून लगेच झाकण घातलं की वाफ आत कोंडते आणि काचेवर पांढरी बसते. डॉक्टरांनी म्हणूनच काड्या लावल्यात. म्हणजे ज्याने हे केलं त्याला ही गोष्ट माहीत नव्हती. डॉक्टर सुटले."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं.

"चिकटवलं काय, तर झडप. धूळ झाडताना ती निखळली. आणि पडक्या घरातली धूळ झाडणारा माणूस शत्रू कसा असेल? त्याला तर देखावा स्वच्छ हवा होता. रखवालदार म्हणाल, तर हा गृहस्थ स्वतःचं टेबल झाडत नाही, दुसऱ्याचा ढिगारा काय झाडणार!"

रखवालदाराने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं.

"झडप सरळ बसवली, कारण त्याला तिरकं काही बघवत नाही. साहेब, ती पिशवी खाली ठेवा बघू."

यजमान लालबुंद झाले. "ठेवता येत नाही हो. बोटं चिकटलीत. पिशवीसकट."

"अहो!" बाई ओरडल्या.

"परीक्षक येणार आणि एवढी धूळ! म्हटलं, तुला वेळ मिळाला नसेल. टेबलाखालच्या तुझ्याच डब्यातला ब्रश आणि गोंद घेतला. मग तू डॉक्टरांवर असा आवाज चढवलास की माझी जीभच उचलेना. चुकलं माझं, डॉक्टर."

भावजींनी त्यांना गरम साबणाच्या पाण्याकडे नेलं.

बाई डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला लाज वाटते माझी. पत्र आत्ता परत घेते. तुम्ही मला काहीही बोला."

"मत्सरी म्हणालात, दुष्ट म्हणालात, ते चालेल हो," डॉक्टर म्हणाले. "पण बंद झाकणात झटपट गोंद? वीस वर्षं शेजारी बसून मला इतका अडाणी समजलात?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टरांनी बॅगेतून दातांच्या साच्याच्या प्लॅस्टरचा डबा काढला. "पाऊण तास आहे. तुम्ही झाकण पुसा, मी ढिगाऱ्यावर ही धूळ चाळतो."

पाचला परीक्षक आले. बाईंच्या देखाव्यासमोर ते इतर देखाव्यांपेक्षा जास्त वेळ रेंगाळले.

"ही धूळ! इतकी खरी धूळ मी पाहिलेली नाही. कुणाचं काम?"

"इमारत माझी," बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांना बाही धरून पुढे ओढलं. "धूळ ह्यांची. पाटीवर दोघांची नावं घाला."