शोध : शून्य

पडद्यावर शून्य उमटलं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता पोलीस ऑपरेटरबाईला घेऊन जाणार होते.

चौकशी अधिकारी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शून्य जागचं हललं नाही.

प्रकरण सरळ होतं, नको तितकं सरळ. आठ दिवसांपूर्वी भर दुपारी कारखान्यात विषारी वायू सुटला, भोंगा वाजलाच नाही आणि एक माणूस गेला. भोंग्याचं बटण दाबणं ऑपरेटरबाईचं काम. ती म्हणत होती, दाबलं. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवून पाहिला, तर ठणठणीत. आणि गेलेला माणूस तिचा सख्खा दीर. तिची सासू बाहेरच्या बाकावर बसून होती, सुनेला घरी न्यायला नव्हे, तिला नेताना बघायला.

साक्षीदार उरला एकच : अपघाताच्या रात्रीपर्यंतच्या नोंदींची फाईल. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र, सवड मिळेल तशी, वेळेचा क्रम न पाळता, तिच्यात आपली ओळ टाकून मोकळं होई. वर्षभरात वीस हजार कोटी अक्षरं जमली होती. एवढं धूड कारखान्यातल्या कुठल्याच संगणकाच्या पोटात एकदम मावत नसे, म्हणून शोधताना तिचे तुकडे पाडत. एक तुकडा घ्यायचा, चाळायचा, टाकून द्यायचा, मग पुढचा.

"फाईलमधून कुणी ओळ उडवली असेल?" मॅडमनी विचारलं.

"छे हो! त्या डिस्कवर एकदा लिहिलं की खोडता येत नाही," मॅनेजरसाहेब खेकसले. "हिनं बटण दाबलंच नाही, मॅडम. आणखी किती वेळा तेच दळणार?"

संगणक विभागाच्या प्रमुखाला सगळे 'होहो' म्हणत, कारण तो कुणालाच नाही म्हणत नसे. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "हो हो, मॅडमचा संशय रास्त आहे. पण शोध नीट चालतो. बटण दाबलं की फाईलमध्ये उमटतो तो बारा अक्षरी संकेत दिला आणि वर्षभरातल्या भोंग्याच्या सहाही सरावांच्या नोंदी सापडल्या. त्या दुपारपुढे तेवढं शून्य."

"मी दाबलं होतं," कोपऱ्यातून ऑपरेटरबाई म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

मॅडमनी शोधाचा कागद उचलला. तळाशी लिहिलं होतं, तुकडा : ३९,८७,६४३ अक्षरं. त्यांनी मागच्या वर्षीचे कागद उलटले. सगळीकडे पन्नास लाख.

"हा आकडा कुणी ठरवला?"

"संगणकच घेतो हो, त्याच्या सोयीनं."

मॅडमनी पडदा वर सरकवत जाऊन शोधाला दिलेली आज्ञा पाहिली. आकडा हातानं टाइप केलेला होता. होहोनं दिलेलं पाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं.

"पुन्हा शोधा. तुकडा पन्नास लाखांचा. आणि प्रत्येक तुकड्याची शेवटची अकरा अक्षरं पुढच्याच्या डोक्याला जोडा."

"मॅडम, पस्तीस मिनिटं लागतील!" होहोचा हसरा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "आणि एवढ्यात प्रोग्रॅम बदलायचा म्हणजे..."

"नाही म्हणताय?"

त्यानं बोटं चालवली. पावणेचारला दारात दोन पोलीस येऊन उभे राहिले. ऑपरेटरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठी काढून मॅडमच्या हातात दिली. "नवऱ्याला द्याल? तो फोन उचलत नाही."

मॅडमनी मूठ मिटली. घड्याळाकडे बघायचं धाडस त्यांनाही होईना.

तीन सत्तेचाळीसला पडद्यावर आकडा आला : सात.

"सरावाच्या सहा," मॅडम म्हणाल्या, "आणि ही सातवी. साहेब, कागद फाडताना नेमकं एखाद्या शब्दावर फाडलं, तर तो शब्द या तुकड्यात पुरता नाही आणि त्यातही नाही. दोन्ही तुकडे चाळा, हाती शून्य. फाईल खोडता येत नव्हती, म्हणून यांनी फक्त कुठे फाडायचं ते निवडलं." त्यांनी होहोकडे बोट केलं.

"योगायोग आहे हो!" होहो म्हणाला.

"जवळजवळ चाळीस लाख अक्षरांत फाडायला अशा अकराच जागा. आणि म्हणे, आकडा संगणकानं घेतला! तो टाइप तुम्ही केलात. ओळ कुठे आहे हे ज्यानं आधीच शोधून पाहिलंय, त्यालाच हा आकडा काढता येतो. आता ओळ वाचा. मोठ्यानं."

तो वाचेना. मॅनेजरसाहेबांनी वाचली. "दुपारी दोन सतरा. बटण दाबलं. भोंग्याकडून उत्तर नाही. जोडणी बंद, संगणक कक्षातून."

मॅनेजरसाहेब होहोकडे वळले.

"जोडणी वीस मिनिटांसाठीच काढणार होतो," होहो पुटपुटला. "दुरुस्तीला. नेमका तेव्हाच वायू सुटला... गडबड ओसरल्यावर, संध्याकाळी परत जोडली मी."

"आणि तिला आठ दिवस जाळलंत," मॅडम म्हणाल्या. दारातले पोलीस आत आले, पण कोपऱ्याकडे गेले नाहीत.

अंगठी परत देऊन मॅडम तिला बाहेर घेऊन आल्या आणि झालं ते सासूला जसंच्या तसं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग सुनेकडे वळली.

"वाजला नाही, तर तू धावली का नाहीस गं त्याच्याकडे?"

"बटणाच्या खोलीत, काचेआड, भोंगा ऐकूच येत नाही, आई. मला वाटलं, वाजतोय. मला वाटलं, भाऊजी बाहेर पडले असतील."

म्हातारीनं तोंडावर हात धरला. मग ती उठली आणि सुनेचं मनगट घट्ट पकडलं.

"घरी चल. त्याच्या पोरांना हे तूच सांग."