तिसरा मजला

वाऱ्यानं उडून अडकलंय असं समजून मी नाल्याकाठच्या पळसावरून ते पांढरं धोतर ओढून काढलं, धुतलं आणि अंगणात वाळत घातलं. काय चुकलं माझं? चांगलं धोतर कुणी झाडाला बांधतं का!

दुसऱ्या दिवशी दारात एक पोरगा उभा. घामाघूम, गळ्यात दुर्बीण.

"माझा नाला तुमच्या अंगणात कसा काय आला हो?"

"आँ...?"

हा पाथरीचा चंद्रप्पा, जंगलखात्याचा ओव्हरसियर. जिंतूरच्या वरच्या डोंगरात वणव्यावर नजर ठेवायला त्याला सागवानी मनोरा बांधायचा होता. उंची किती लागेल हे ठरवायला तो एका सागाच्या शेंड्यावर मचाण बांधून बसला होता. नाल्यावर खूण म्हणून स्वतःचंच धोतर बांधलेलं.

"मंग दिसली का खूण?"

"दिसली की... खूण बी, अन् ती वाळू घालणारी बी."

मेल्याची जीभ बघा! मी पदरात तोंड लपवून हसले. धोतर मात्र परत दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

मग पाणी प्यायच्या निमित्तानं तो रोज यायला लागला. ओसरीवर बसून त्यानं कडब्याच्या धाटांचा तीन मजली मनोरा करून दाखवला.

"हे तिरपे टेकू. वारा सुटला तर मनोरा डुलंल, पण पडायचा न्हाई."

"अन् माणूस?"

"माणसाला बी कुणाचा तरी टेकू लागतोच की..."

मी भाकरी करपवली त्या दिवशी.

पण सुख कुठलं लाभायला! माझा भाऊ बसप्पा निजामाविरुद्धच्या चळवळीत होता, सरहद्दीपलीकडच्या छावणीत. आई अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला तो नाल्यानाल्यानं लपत यायचा. आणि थंडीत हुकूम आला — मनोऱ्यावर आता बंदुकवाले शिपाई बसणार, नाल्यानं येणाराला टिपणार.

"तुमचा मनोरा माझ्या भावाला खाणार," मी चंद्रप्पासमोर रडले. "लय हौसंनं बांधायलात नव्हं?"

त्यानं कडब्याच्या मनोऱ्याचा वरचा मजला हळूच मोडला आणि चुलीत सारला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं उभारायला आणलेले सागाचे खांब बुडाकडून कापायला लावले. बुडखे कुजलेत, म्हणून सांगितलं सगळ्यांना. मनोरा दोन मजली झाला आणि नाला डोंगराच्या सोंडेआड राहिला. बसप्पा येत राहिला, जात राहिला.

मला मात्र वेगळीच हौस. मी रोज सकाळी ते धोतर अंगणात वाळत घालायची, त्याला दिसावं म्हणून.

"दिसतं का हो वरून?"

"दिसतं की."

"खोटं!"

"रोज दिसतं, मनकर्णा. तू दिसतीस म्हणून तर वर चढतो... जीव जडलाय तुझ्यावर, आता काय करू?"

मी हसून आत पळाले. बोलायला हवं होतं.

शिमग्याच्या आधी वरचा अधिकारी आला. हुकूम तीन मजल्यांचा होता. त्यानं कापलेले बुडखे उलटून बघितले. लाकूड ठणठणीत होतं. चंद्रप्पाला हात बांधून आमच्याच गल्लीतून नेलं. माझ्यावर बालंट नको म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फक्त दोरीवरच्या धोतराकडं एकदा नजर टाकली.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. बसप्पा उजळ माथ्यानं घरी आला, आईनं त्याला पोटाशी धरलं. तुरुंगातून सुटलेल्यांत चंद्रप्पा नव्हता. तापानं आतच गेला होता.

शिपाई पळाले होते, मनोरा ओस पडला होता. एका सकाळी धोतर वाळत घातलं आणि बुरबुर पावसात मी वर चढले. तो जिथं उभा राहायचा तिथं उभी राहिले. समोर डोंगराची सोंड होती, नुसती सोंड. नाला दिसत नव्हता... आणि नाल्याच्या अंगाचं आमचं अंगणही दिसत नव्हतं.

लबाडा... एक दिवससुद्धा दिसले नव्हते रे मी तुला.