पाच मीटरांच्या आत

डॉर्सेटमधल्या हॅडर टेकडीवर थेल्मा पर्किस दर बुधवारी फुलपाखरं मोजायला जायची. फुलपाखरं आणि पतंग वाचवणाऱ्या एका संस्थेचं हे काम ती शाळेतून निवृत्त झाल्यापासून हौसेनं करत होती. आखलेल्या वाटेनं एका चालीत जायचं आणि समोर पाच मीटरांच्या आत दिसतील तेवढीच मांडायची, एवढाच नियम.

त्या उन्हाळ्यात टेकडीबद्दलचा संस्थेचा मालकाशी असलेला करार संपत होता. निळ्या फुलपाखरांची वस्ती टिकून आहे हे आकड्यांत दिसलं नाही, तर संस्था टेकडी सोडणार होती आणि मालक तिथं पाइन लावणार होता.

जुलैचा पहिला बुधवार. टळटळीत दुपार, वारा अजिबात नाही. पायाखालच्या गवताला ओव्यासारखा वास येत होता. वीसेक पावलांवर निळी फुलपाखरं भुर्रकन उठली. मग त्याच्या थोडं पुढं आणखी. कुणी गवत तुडवत चाललं की उठतात, तशी. वाटेवर कुणीच नव्हतं.

थेल्मा थांबली. उठणंही थांबलं. ती निघाली, तसं ते पुन्हा सुरू झालं.

पाच मीटरांच्या आत एकही आलं नाही. तिनं कागदावर शून्य लिहिलं.

दुसऱ्या बुधवारी तेच घडलं. फक्त अंतर दहा पावलांवर आलं होतं.

"बाई, अंदाजानं लिहा ना चाळीस-पन्नास," संस्थेचा डंकन स्टिकलंड फोनवर म्हणाला. तो तिचाच जुना विद्यार्थी. "टेकडी जाईल हो हातची."

"चौतीस वर्षं गणित शिकवलं मी. अंदाजानं मार्क दिले होते का तुला?"

"दिले असते तर पास तरी झालो असतो!"

तिसऱ्या बुधवारी तो सोबत आला. चढ चढेपर्यंत त्याच्या गप्पा चालू होत्या. मग त्यानं पुढं फुलपाखरं उठताना पाहिली.

"हरीण असेल," तो पुटपुटला.

"एवढ्याशा गवतात?"

डंकननं पुढच्या रिकाम्या वाटेकडं पाहून हाक मारली, "अहो, जरा थांबता का?"

उठणं थांबलं. फुलपाखरं हळूहळू खाली आली, पण गवतापर्यंत पोचलीच नाहीत. कुणी गुडघ्याएवढ्या, कुणी खांद्याएवढ्या उंचीवर, हवेतच पंख मिटून बसली. घामेजल्या अंगावर बसतात, तशी.

डंकन जागचा हलला नाही.

 थेल्मा पुढं गेली. दहा मीटर. सात.

पाच.

तिनं खालून वर मोजायला सुरुवात केली. एकही हललं नाही. चेहरा असावा तिथं अकरा होती.

तिनं आकडा लिहिला. मान वर केली तेव्हा समोर नुसतं ऊन होतं.

त्या आकड्यावर करार वाढला. टेकडी वाचली. पण त्या दिवशी दोघं मागं न पाहता उतरली. गाडीपाशी आल्यावर डंकननं विचारलं, "किती भरली, बाई?"

"त्रेपन्न."

"तुमच्या शेजारी दुसरा उभा होता, त्याच्या अंगावरची धरून?"

थेल्मानं डावीकडं पाहिलं. तिच्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, पंखांची निळसर भुकटी लागली होती. चार बोटांच्या ठशांची.