डोळ्यांखालची निळी शीर

दोन्ही नळ्यांमधली पातळी जवळजवळ सारखी होती. एका नळीत हेमांगीचं नुकतंच काढलेलं रक्त, दुसरीत साधं पाणी. समोरचा तरुण दोन्ही नळ्या डोळ्यांच्या रेषेत धरून पाहत होता. त्यानं ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब उचलला, पुन्हा पाहिलं, मग त्यातला जेमतेम अर्धा नळीच्या काठाला टेकवून परत सोडला. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. नळ्या यंत्रात समोरासमोर बसवून त्यानं झाकण लावलं आणि बारा मिनिटांची कळ फिरवली.

हेमांगी केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथंही असं यंत्र होतं, आणि वजन न जुळवता नळ्या टाकल्या की ते टेबलासकट थरथरायचं. हे तिनं तिथल्या प्रत्येकाला निदान तीनदा सांगून पाहिलं होतं. अर्ध्या थेंबासाठी थांबणारा माणूस तिला आज पहिल्यांदा भेटत होता.

"काट्यावर नाही का तोलत?" तिनं विचारलं.

"काटा दुरुस्तीला गेलाय. आज सगळं डोळ्यांवर चाललंय." मग तिच्या डोळ्यांखाली चोपडलेल्या बधिर करणाऱ्या पांढऱ्या मलमाकडे त्याचं लक्ष गेलं. "म्हणजे... माझ्या डोळ्यांवर."

हेमांगीला हसू आलं, पण मलम हलेल म्हणून तिनं ते ओठांतच दाबलं.

खरं तर आज रक्त काढायचंच नव्हतं. शहाद्याच्या या दवाखान्यात महिन्यातून दोनदा नाशिकहून येणाऱ्या रोहिणी मॅडमनी तिच्या डोळ्यांखालची त्वचा चिमटीत धरून पाहिली होती. काही आजार नाही, त्वचा जन्मतःच पातळ आहे, खालची निळी शीर वर दिसते म्हणून काळं वाटतं, असं त्यांनी समजावलं. मग पॉलिन्यूक्लिओटाइडचं इंजेक्शन सुचवलं, त्वचेला स्वतःची दुरुस्ती करायला लावणारं. हेमांगीची आई जसोदाबाई सगळ्याला मान डोलवत होती. मात्र कुठलीही नवी गोळी, बिस्किट किंवा आइस्क्रीम घरात आलं की ते कशाचं बनलंय हे विचारल्याशिवाय ती हात लावत नसे. त्यामुळे फ्रिजमधून इंजेक्शनचा डबा काढणाऱ्या त्या तरुणाला तिनं विचारलंच.

"भाऊ, हाई कशानं बनेल शे?"

'औषध शे' म्हणून त्याला सुटता आलं असतं. त्यानं डब्याकडे पाहिलं, जसोदाबाईच्या गळ्यातल्या तुळशीच्या कंठीकडे पाहिलं. मग सरळ सांगितलं, "मावशी, हाई मासापासून बनेल शे."

"मासा? डोयाखाल?"

तापीकाठच्या गुजर घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. जसोदाबाई पिशवी उचलून उभीच राहिली. माशाच्या नेमक्या कुठल्या भागापासून, ते त्या तरुणानं सांगितलं नाही. नर माशाच्या वीर्यापासून, असा हेमांगीचा अंदाज होता, पण तीही गप्प बसली. रोहिणी मॅडम रागावल्या नाहीत. हे आपणच आधी विचारायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी दुसरा उपाय पुढे ठेवला. हेमांगीचंच रक्त घ्यायचं, फिरवून त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या काढायच्या आणि त्या डोळ्यांखाली टोचायच्या. महिन्याच्या अंतरानं तीनदा.

"रगत तिन्हंच, अन् परत तिलेच?" जसोदाबाईला पटेना. "मंग बाहेर काढतंस काब्र?"

"त्यातला दुरुस्तीवाला भाग निवडाना शे, मावशी," तो तरुण म्हणाला. "सगळं घरचंच शे."

घरचं म्हटल्यावर जसोदाबाई खाली बसली. पण सुई निघाल्याबरोबर तिला घेरी आली, म्हणून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अशी ती बारा मिनिटं हेमांगीच्या वाट्याला आली.

त्याचं नाव भाग्येश. घर खांडबाऱ्याला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. बीएस्सी करून त्यानं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. हे सगळं यंत्राच्या घरघरीत तिला कळलं. तिनं विचारलेलं नव्हतं, पण तिला ऐकायचं होतं हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"तुम्हाला हे करायचंय की मावशींना?" त्यानं मध्येच विचारलं.

हेमांगीनं थोडा विचार केला. दसऱ्यापासून सुरतचं एक स्थळ अडून होतं. मुलाच्या आत्यानं फोटो पाहून निरोप धाडला होता की मुलगी छान आहे, फक्त डोळ्यांचं तेवढं बघा. नवा फोटो पाठवा, मग होळीनंतर पाहायला येऊ. आई रोज विचारायची, त्यांना काय कळवू? हेमांगी रोज म्हणायची, बघू. अठ्ठाविसाव्या वर्षी नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि तिच्याकडे ते नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं.

"थोडं मलाही," ती म्हणाली. "शाळेपासून लोक विचारतात, बरं नाही का? रात्री झोपली नाहीस का? मी नऊ तास झोपते."

"नऊ?"

"साडेनऊ. रविवारी."

भाग्येश मोठ्यानं हसला. यंत्र थांबलं. नळीत खाली गडद लाल आणि वर फिकट केशरी थर स्वच्छ वेगळा झाला होता. दोघंही तो क्षणभर पाहत राहिले, शेतकरी उगवलेल्या वाफ्याकडे पाहतात तसे.

सूज तीन दिवस राहिली. दवाखान्याचा नियम असा होता की पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रुग्णाला मेसेज करून विचारायचं. भाग्येशनं पहिल्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. मग चौथ्या दिवशीही आणि पाचव्याही.

तिनं लिहिलं, 'तुमच्या कागदावर पाचवा दिवस नाही.'

मग आलं, 'कागदावर नाही.'

'मग कुणाचा आहे?'

'...माझा.'

हेमांगीनं फोन उलटा ठेवला, आणि रोपांच्या पन्नास बाटल्यांवर चुकीची तारीख घातली. चार वर्षांत तिच्याकडून अशी चूक झाली नव्हती. तिनं सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा लिहिल्या आणि तेवढा वेळ तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

जानेवारीत दुसरी खेप. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे मायलेकी तासभर अडकल्या. जसोदाबाई वाटेत म्हणत होती की तो पोरगा खरं बोलणारा आहे, माशाचं लपवलं नाही, आपल्यातला असता तर... आणि पुढचं बोलली नाही. हेमांगी खिडकीबाहेर पाहत होती. आईच्या तोंडचं ते 'आपल्यातला' तिला कपाळावर टिचकी मारल्यासारखं लागलं.

या वेळी आई बाहेरच्या बाकावर गेली आणि यंत्र सुरू झालं, तेव्हा तिनंच विचारलं, "तुम्ही मासे खाता?"

"खायचो."

"कधीपर्यंत?"

त्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिल्यासारखं केलं. "मागच्या महिन्यातल्या गुरुवारपर्यंत. दुपारी सव्वाबारा."

"घरी काय सांगितलंत?"

"आईनं रविवारी ताटात वाढला. मी नको म्हटलं. तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला." तो हातमोज्याचं टोक उगीचच ओढत राहिला. "मग तिनं नाव विचारलं. मी... सांगितलं. हेमांगी, मला माहीत आहे की तुमच्या घरात हे बसणारं नाही. सुरतचं स्थळही मला मावशींकडूनच कळलंय. चांगलं आहे. मी फक्त एवढंच म्हणतोय, तुम्हाला माहीत असावं. मला तुम्ही... या डोळ्यांसकट आवडता. आणि ते नीट झाले तरी आवडाल."

मलमाखालचे तिचे गाल बधिर होते. तरी ते तापलेले तिला कळत होते. तिला बरंच काही म्हणायचं होतं. अर्ध्या थेंबाचं म्हणायचं होतं, पाचव्या दिवसाचं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "बघू."

भाग्येशनं मान हलवली. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

फेब्रुवारीत तिसरं इंजेक्शन झालं. त्या वेळी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशीच मेसेज आला. दुखतंय का, सूज उतरली का, ऊन टाळा. मधल्या दिवशी हेमांगी फोन उघडून पाहायची आणि बंद करायची. नियमाप्रमाणे वागणाऱ्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. घरी वडील रतिलालभाई केळीचा घड उतरवून आले की विचारत, सुरतवाल्यांचं काय? जसोदाबाई हेमांगीकडे पाही. हेमांगी ताटाकडे.

मार्चमध्ये, होळीला आठवडा उरला असताना, शेवटचा फोटो काढायला त्या दोघी दवाखान्यात आल्या. फोटोची एक पद्धत होती. फरशीवर चिकटपट्टीची खूण, तिच्यावर पावलं ठेवायची. तोंडावर पावडरचा कणही नको, दिवा तोच, अंतर तेच. पहिला फोटो तसाच होता, म्हणून शेवटचाही तसाच हवा.

सुरतची आत्या सकाळपासून विचारत होती. जसोदाबाईनं भाग्येशला म्हटलं की काढलेला फोटो लगेच मोबाइलवर दे. मग वरच्या दिव्याकडे पाहून, आवाज बारीक करून म्हणाली, "भाऊ, लाइट जराखा कमी कर ना. तोंड मऊ दिसस."

"लाइट तोच ठेवना पडस, मावशी."

"एक दिवस काय व्हस?"

"मंग फोटो खोटा व्हस."

जसोदाबाईचा चेहरा उतरला. एरवी ती कुणाला टोचून बोलणारी नव्हती, पण चार महिन्यांची वाट पाहणं तिच्या जिभेवर आलं. "पोरगीनं चांगलं व्हई ऱ्हायनं, ते तुले नको का?"

खूण केलेल्या जागी उभ्या हेमांगीला भाग्येशचे हात दिसत होते. कॅमेरा धरलेली बोटं पांढरी पडली होती. दिवा थोडा जास्त प्रखर केला असता तर निळी शीर पहिल्याइतकीच ठसठशीत आली असती, सुरतहून नकार आला असता आणि कुणाला कधी कळलं नसतं. थोडा मंद केला असता तर आई खूश झाली असती. त्यानं दिव्याला हात लावला नाही. पावलं खुणेवर आहेत की नाहीत ते वाकून पाहिलं, तिला समोर पाहायला सांगितलं आणि फोटो काढला.

मग दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावून तो बराच वेळ पाहत राहिला. "फरक आहे," तो म्हणाला. आता तो जसोदाबाईशीही शुद्ध मराठीत बोलत होता, परक्यासारखा. "थोडा आहे, पण आहे. त्वचा जराशी दाट झालीये. शीर दिसते, पण आधीपेक्षा फिकी." त्यानं फोटो जसोदाबाईच्या मोबाइलवर पाठवला. "पाठवा, मावशी. चांगला आलाय. त्यांनी... त्यांनी नाही म्हणायला नको."

एवढं बोलून तो वळला आणि दिव्याची वायर गुंडाळू लागला. वायर आधीच गुंडाळलेली होती. ती त्यानं सोडली आणि परत गुंडाळली.

जसोदाबाईनं चष्मा लावला. आत्याचं नाव शोधलं, फोटो निवडला. लेकीकडे न पाहताच, नेहमीच्या सवयीनं, तिनं विचारलं की खाली काय लिहू, होळीनंतर या असं लिहू का? तिचा अंगठा पडद्याच्या वर थांबला होता.

हेमांगी खुणेवरून बाजूला झाली. तिचा आवाज शांत निघाला. प्रयोगशाळेत निकाल वाचून दाखवावा इतका शांत.

"मम्मी, फोटो पाठवू नको. नाही असं लिही. त्यांचं काही चुकलं नाही, तेही लिही. मला सुरतला जायचं नाहीये. मला भाग्येशशी लग्न करायचंय, आणि हे आज संध्याकाळी पप्पांना मी स्वतः सांगणार आहे."