पुराची दुसरी गोष्ट

त्या काळात मिरजेला माणसं आपल्या आठवणींचा सूर बदलून घ्यायला येऊ लागली होती. कुणाला जुना अपघात छळत असे, कुणाला घराला लागलेली आग. उपचार झाले की तीच माणसं स्टेशनबाहेर चहा पीत स्वतःची हकीकत रंगवून सांगत.

हेमांगी टिळेकर कॉलेजात कथा शिकवायची. धाकट्या बहिणीला, मंजिरीला, घेऊन ती आली तेव्हा तिची उत्सुकता लपत नव्हती. कृष्णेच्या महापुरात त्यांची आई गेली, मंजिरीच्याच हातातून निसटून. तेव्हापासून मंजिरीने आईचं नाव काढलं नव्हतं. नळ सोडला तरी ती कानांवर हात ठेवायची.

"मेंदू आठवण अखंड ठेवत नाही," डॉ. फिरोज मुलाणी सांगू लागले. "घटना एकीकडे, स्थळ दुसरीकडे, भाव तिसरीकडे. आठवताना दर वेळी तो त्यांची नव्याने मोट बांधतो. मग काही तास ती मातीच्या ओल्या गोळ्यासारखी असते. आम्ही तिला 'ओली आठवण' म्हणतो. तेवढ्या वेळात औषध आणि चुंबकीय स्पंदनं दिली की भाव बदलता येतो. हेच पुनर्कथन."

"म्हणजे कथानक तेच, वातावरण वेगळं!" हेमांगी खुर्चीत पुढे सरकली. "मी वर्गात हेच शिकवते. तीच वाट भयकथेत अंगावर येते आणि साहसकथेत बोलावते."

"म्हणूनच निवेदन तुम्ही लिहा. तिला तुमचा आवाज ओळखीचा आहे."

मंजिरीने मान डोलावली. हेमांगीने झपाटल्यासारखं लिहिलं. घोंगावणारं पाणी, कौलांवर चढलेली धीट मुलगी, सुटलेला हात, मग पोहत गाठलेला चिंचेचा शेंडा. एकही घटना तिने वगळली नाही. फक्त सूर साहसाचा ठेवला. उपचारांच्या वेळी मंजिरी आठवणीतल्या पुरात पुन्हा शिरली आणि थरथरू लागली, तेव्हा तिने ते हळूहळू वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी मंजिरी म्हणाली, "ताई, नदीवर जाऊ या."

घाटावर पोचताच ती पाण्यात उतरली. हेमांगीला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरही सोबत आले होते.

"सांगू का तुम्हाला?" मंजिरीचे डोळे लकाकत होते. "काय वेग होता त्या लोंढ्याला! आईचा हात सुटला, सर्रकन. आणि मी एकदम मोकळी झाले. हात मारत सुटले ती थेट चिंचेपर्यंत."

ती हसली. आईचं नाव निघालं की तसंच हसू येत होतं.

हेमांगीने डॉक्टरांना बाजूला घेतलं. "हे उलटं फिरवता येईल का? थोडं तरी?"

"येईल. पण तिची परवानगी लागेल."

हेमांगी पायऱ्या उतरून गेली. "मंजू, आई गेल्याचं वाईट वाटतं का गं तुला?"

मंजिरीने खरंच विचार केला. "नाही वाटत," ती म्हणाली. "पण ताई, आत्ता कुठे मला आई आठवता येतेय. ते काढून घेऊ नकोस."

 मंजिरीने हेमांगीचा हात धरला आणि पाण्याकडे ओढत म्हणाली, "तू पण करून घे ना. मग दोघी मिळून सांगू."