पाच किरकोळ दोष

कारखान्यात माझं काम नापास करण्याचं आहे. सरकार त्याला गुणवत्ता-तपासणी म्हणतं आणि दरमहा पगार देतं. गाड्यांचे सुटे भाग टेबलावर येतात. मी त्यांच्यावरचे ओरखडे, डाग, पोचे शोधतो, प्रत्येकाभोवती पांढऱ्या खडूनं वर्तुळ काढतो आणि कार्डावर नोंद करतो. दोष दोन जातींचे. ज्यानं वस्तू बंद पडेल तो मोठा, जो नुसताच दिसतो तो किरकोळ. किरकोळ दोष कितीही असले तरी शेवटी खाली ‘वापरास योग्य’ लिहून सही करायची. सव्वीस वर्षांत अशा इतक्या सह्या झाल्या आहेत की लग्नाच्या अल्बममधला स्वतःचा फोटो पाहतानाही हात खिशातल्या पेनाकडे जातो.

माझी मुलगी अवंतिका बावीस वर्षांची. जमिनीवर पालथं पडून पन्नास मीटरवर नेम मारणं हा तिचा खेळ. राज्याच्या संघासाठी तिनं दोनदा चाचणी दिली. पहिल्यांदा एका गुणानं संधी गेली. दुसऱ्यांदा क्लबच्या रायफलीतून ऐन वेळी गोळीच सुटली नाही. तिसरी चाचणी शेवटची, त्यानंतर बँकेच्या परीक्षांना बसायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे मी आणि माझ्या बायकोनं, क्षमानं ठरवलं होतं. अवंतिकानं ऐकून घेतलं होतं आणि त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

म्हणून तिची स्वतःची रायफल. परवान्याला अकरा महिने लागले. नोव्हेंबरात मोहनभैयांच्या बंदुकांच्या दुकानात खोकं उघडलं, तेव्हा चाचणीला तीन आठवडे उरले होते.

मी खिशातला चष्मा काढला आणि अवंतिकानं कपाळाला हात लावला.

लाकडी दस्त्यावर, अंगठा येतो तिथे एक पोचा. नळीच्या टोकाशी काळा-निळा रंग धरलेलाच नाही असा तांदळाएवढा राखाडी ठिपका. दस्त्याच्या टोकाला व्हर्निशचा ओघळ थेंब होऊन वाळलेला. गोळी आत सरकवायच्या बोल्टच्या मुठीवर तिरका ओरखडा. आणि गाल टेकतात तिथे केसाएवढी एक चीर.

“भैया, नई है या किसी की उतरी हुई?”

“श्रीकांतजी, सील आपके सामने तोड़ी,” मोहनभैया म्हणाले. “शादी थोड़े करनी है इससे. चलाके देखिए. बदलवाएँगे तो छह महीने.”

तोवर अवंतिकानं ती खांद्याला लावलीही होती.

मदन महल वस्तीतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी पाच वर्तुळं काढली आणि कार्ड लिहिलं. क्षमा म्हणाली, “पाहुण्याले अजून पाणी नाही दिलं अन् तुम्ही नापास करून राहिले.” मी नापास केलं नाही. पाचही दोष किरकोळ होते. मी सही केली.

नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापुढे, नागपूर रस्त्याला आत नेमबाजीची एक रेंज आहे. तिथे पहिल्या दिवशी साठ गोळ्या झाल्या. एकही अडली नाही, एकही भरकटली नाही. परत आल्यावर रायफल पुसताना पाहिलं, तर अंगठ्याजवळचा पोचा गेला होता. खडूचं वर्तुळ होतं, आत सपाट लाकूड. यात नवल नाही. लाकूड ओल धरतं, दबलेला भाग फुगून वर येतो. मी कार्डावर तसं लिहिलंही.

बुधवारी नळीवरचा ठिपका गेला. पोलाद ओल धरून फुगत नाही. मी भिंग आणलं. वर्तुळाची रेघ कुठेही पुसली गेली नव्हती आणि आतला रंग बाहेरच्या रंगात असा मिसळला होता की सांधा सापडेना.

“तू काही लावलंस का याला?”

“मी काहून लावू?” अवंतिका म्हणाली. तिनं पोह्यांची दुसरी बशी घेतली. ती पुन्हा पोटभर जेवू लागली होती.

क्षमानं तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. “हे कपाळावर काय आहे गं? पाहा बरं हो.”

केसांच्या कडेला तांदळाएवढा राखाडी ठिपका. पदरानं पुसून गेला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगून मलम दिलं. घरात मी मोजपट्टी वापरत नाही. त्या दिवशी मलम लावण्याच्या निमित्तानं वापरली. सहा मिलिमीटर. कार्डावरही सहाच होतं.

मग मी तिच्या उजव्या अंगठ्याचं नख पाहिलं. मधोमध दबलेलं होतं.

“दारात आलं असेल,” ती म्हणाली. “दुखत नाही.”

गुण वाढत होते. सहाशेपैकी पाचशे ब्याण्णव, शहाण्णव, नव्व्याण्णव. ती गजर न लावता साडेपाचला उठायची, रोज त्याच मिनिटाला. आईशी वाद घालेना. बँकेच्या परीक्षेचा विषय काढला तरी चिडेना. आठवडाभर क्षमाला याचं कौतुक वाटलं. मग एकदा कणीक मळता मळता ती थांबली.

“पोरगी हसूनच नाही राहिली हो.”

“लक्ष एकाग्र करून राहिली आहे.”

“मी टीव्हीवर इतकी हसली काल. तिनं माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे नाही.”

बोल्टवरचा ओरखडा गेला. अवंतिकाच्या तर्जनीच्या पेरावर तिरकी पांढरी रेघ आली, रक्ताशिवाय. मी तिला टाचणी टोचून पाहायला सांगणार होतो, पण बापानं मुलीला असं काही सांगायची रीत नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती अंगणात केस वाळवत बसली होती. तिच्या कानाखाली एक थेंब दिसला. पाण्याचा असता तर ओघळला असता. हा पिवळसर, टणक, चकचकीत होता. मी वाकून पाहत होतो.

“अहो,” क्षमा दारातून म्हणाली.

माझ्या हातात खडू होता. तिच्या कानापासून दोन बोटांवर.

मी तो खिशात टाकला. क्षमा आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येईना.

“उद्या क्लबची रायफल घे,” मी अवंतिकाला म्हटलं.

“ती दगा देते बाबा.”

“ही नको.”

“हिच्यात काय खराबी आहे? सांगा ना.” आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“हिच्यात नाही.”

तिनं नखाकडे पाहिलं, पेराकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

“दिसायलाच आहे ना हे? हात थरथरत नाही. भीती वाटत नाही. काहीच अडत नाही. तुमच्या कार्डावर याला काय म्हणतात?”

मी खिशातल्या खडूवर बोट फिरवलं.

“तुम्ही नाही म्हणा, मी नाही जात.”

ती गेली नसती. तेवढं ती माझं ऐकते. मी तिच्या अर्ध्या ताटांचा विचार केला, हुकलेल्या दोन चाचण्यांचा केला, पाचशे नव्व्याण्णवचाही केला.

“जा,” मी म्हटलं.

रविवारी साठ गोळ्या, सहाशे गुण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अवंतिका उठली, चटई गुंडाळली, रायफल माझ्या हातात दिली. नवी कोरी होती. इतकी निर्दोष वस्तू माझ्या टेबलावर कधी आलेली नाही.

तिच्या गालावर केसाएवढी चीर होती.

परतताना गाडी क्षमानं चालवली. मी मागे अवंतिकाजवळ बसलो. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. लहानपणी टेकायची तसंच, फक्त वजन जास्त.

“इतकी शांत कशी राहिलीस?” मी विचारलं.

“काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधे गोळी सोडायची असते बाबा. ठोका पडला की नळी हलते.” तिनं डोळे मिटले. “पहिले घाई व्हायची. आता मधे खूप जागा असते.”

मी तिचं मनगट धरलं. गार होतं. बोटांखाली एक ठोका लागला, स्वच्छ, दमदार.

तिलवाऱ्याचा पूल आला. क्षमानं एक हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावला आणि “नर्मदे हर” म्हटलं.

खाली पाणी होतं. समोरून एक ट्रक आला, गेला. मग दुसरा.

मी बोटं थोडी सरकवली. जरा दाबून धरली.

पूल संपला.

“थांबा ना बाबा,” अवंतिका डोळे न उघडता म्हणाली. “येईल.”